गळकी झडप

प्रयोगशाळेचं दार ढकलून ती आत आली आणि थबकलीच. कुणीतरी अनोळखी माणूस तिच्या पोलादी भांड्याची झडप फिरवत होता. फुस्स... पांढरं धुकं उसळलं, नळीवर हिमाची साय धरली आणि दाबाचा काटा बघता बघता शून्यावर आला.

शरीरात हळूहळू विरघळून जाणारं प्लास्टिक तिने त्या भांड्यात, दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये मुरत ठेवलं होतं. दाब बेताबेताने सोडला की त्या मऊ गोळ्यात बुडबुडे उठतात, स्पंजासारखा फेस तयार होतो. मोडलेल्या जबड्यात तो बसवला की त्याच्या भोकाभोकांतून नवं हाड वाढतं आणि फेस विरून जातो. नमुना बघायला सर्जनबाई दुसऱ्या दिवशी येणार होत्या. भांड्यातून निघाला तो फुटका, वेडावाकडा गोळा.

तिने त्या माणसाला धारेवर धरलं. तो नवा सुरक्षा अभियंता निघाला. झडप गळत होती, भोंगा वाजत होता, या वायूला वास नसतो, माणूस बसल्या जागी कोसळतो... तो शांतपणे सांगत राहिला. त्या शांतपणानेच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झडपेबद्दल ती स्वतः संचालकांच्या कानीकपाळी ओरडून थकली होती.

त्याने नवी झडप येईपर्यंत खोलीला कुलूप ठोकलं. तिने त्याचं नाव ठेवलं भोंगा. रोज कँटीनमध्ये त्याचं टेबल शोधून ती भांडायला बसायची. तो ऐकून घ्यायचा आणि चहाचा कप तिच्यापुढे सरकवायचा.

“तुम्ही रागावलात की आधी चष्मा काढता,” एकदा तो म्हणाला. “मला बरं वाटतं. म्हणजे मी नीट दिसत नसेन.”

“जवळचं मला चष्म्याशिवायच नीट दिसतं,” ती म्हणाली... आणि तिने जीभ चावली.

अखेर झडप आली, कुलूप निघालं. या वेळी फेस असा उतरला, की तळहातावर वजनच कळेना. तो आधी भोंग्याला दाखवावा असं का वाटलं, याचाही तिला राग आला. तरी ती गेली. त्याची खुर्ची रिकामी होती. शेजारच्या टेबलावरच्या काकांकडून कळलं, की त्या झडपेसाठी त्याने संचालकांशी कडाक्याचं भांडण केलं होतं आणि आता त्याची बदली दूरच्या कारखान्यात झाली होती.

ती तडक संचालकांच्या खोलीत शिरली. झडप माझी, तक्रार माझी, मग शिक्षा त्याला का, असं तिने विचारलं. संचालकांनी मान वर न करताच विचारलं, “एवढी चिडतेस... तो तुझा कोण लागतो?”

“विचारून येते,” ती म्हणाली आणि निघाली.

तो फाटकापाशी स्कूटरला बॅग बांधत होता.

“माझं भांडण तू का भांडलास?” रागाच्या भरात ती ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी आली, तिलाही कळलं नाही.

“कुणासाठीही भांडलो असतो. नियम आहे.” तो दोरीची गाठ आवळत राहिला. मग हात थांबले. “नाही... खोटं बोललो. दुसऱ्या कुणासाठी मी नुसता मेल पाठवला असता.”

“आणि न सांगता चालला होतास?”

“सांगितलं असतं, तर तू रडली असतीस. मला तुझा रागच झेपतो.”

तिने चष्मा काढला. “संचालक विचारताहेत, तू माझा कोण लागतोस. काय सांगू?”

“सांग... भांडायला हक्काचा माणूस.”

बदली काही टळली नाही. त्याचा तिला पुढे कितीतरी दिवस संताप येत राहिला. पण त्या संध्याकाळी ती स्टेशनपर्यंत स्कूटरवर त्याच्या मागे बसली, न सांगता निघाल्याबद्दल वाटभर त्याला बोलत राहिली, आणि बोलता बोलता तिने हळूच त्याच्या पाठीवर गाल टेकला.