परके पिस्टन

वालीवच्या गाळ्यांमध्ये, एका बाजूला प्लास्टिक वितळवणारा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला पत्रे कापणारं मशीन, अशा कोंदट जागेत हरेश्वरचं गॅरेज होतं. इंजिनकामात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. हट्ट मात्र एकच: ज्या कंपनीची गाडी, त्याच कंपनीचा माल. गिऱ्हाइकाने कितीही गळ घातली तरी साधा वॉशरसुद्धा तो दुसरा लावत नसे.

या हट्टावरूनच त्याचं आणि भूपेशचं वाजलं होतं. भूपेश त्याचा एकुलता एक मुलगा. एका जुन्या छोट्या गाडीच्या इंजिनाला त्याला टर्बो बसवायचा होता. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो. मूळचे पिस्टन तो दाब सोसणार नाहीत, म्हणून त्याने भंगारातून दुसऱ्याच कंपनीचे चार पिस्टन हुडकून आणले होते. अंगाने जाड, माथा जरा खोलगट.

"एका घरचं दुसऱ्या घरात घालतोस," हरेश्वर म्हणाला होता. "नांदायचं नाही ते."

"बाबा, इंजिनाला नाव वाचता येत नाही. माप बसलं की झालं."

पावसाळा सरता सरता भूपेशला डेंग्यू झाला. धावपळ सुरू होते न होते तोच मुलगा गेला. इंजिन टेबलावर उघडंच राहिलं. हरेश्वरने त्यावर ताडपत्री टाकली आणि हिवाळाभर तिकडे पाहिलं नाही.

होळीच्या सुमारास त्याने ताडपत्री काढली. सिलिंडर मापाने घासून घेतले, नव्या रिंगा चढवल्या आणि मुलाने आणलेले तेच परके पिस्टन आत उतरवले. इंजिन गाडीत चढलं त्या दिवशी त्याची बायको नर्मदा डबा घेऊन आली होती. ती मागच्या सीटवर बसली. दोघांच्याही मनात भूपेशच होता.

पहिल्याच चावीला इंजिन लागलं. आवाज असा गोल, मऊ, की हरेश्वरचे डोळे भरून आले. सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब पडत होते. थंड इंजिनाला ते पडतातच. दुसऱ्या दिवशी मात्र फरशीवर थेंबांच्या जागी पांढरे डाग दिसले. त्याने बोट लावून जिभेवर टेकवलं.

मीठ.

त्याने रेडिएटर तपासला, गॅस्केट तपासलं. पाणी कुठूनच आत शिरत नव्हतं, आणि टाकलेलं पाणी तर नळाचं होतं. डाग पुसावेत तर गाडी चालू केली की पुन्हा उमटत. मग ती गुणगुण सुरू झाली. इंजिन मंद चालत असलं की आवाजाच्या तळाशी एक सूर यायचा, चढायचा, मध्येच तुटायचा, जसं कोणी काम करता करता गुणगुणावं. टर्बोची शिट्टी असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. टर्बो सोडवून ठेवला. सूर तसाच राहिला.

नर्मदा आता रोज दुपारी यायची आणि इंजिन चालू करायला लावून मागे बसायची. एके दिवशी तिने त्याला बोलावलं.

"अवो, हा आपला नाय."

"कोण?"

"पोरगी हाय. कोनाची तरी पोरगी हाय."

हरेश्वर तिच्यावर ओरडला. ओरडताना त्याला कळलं, आपणही इतके दिवस त्या सुरात भूपेशचाच आवाज शोधत होतो.

नर्मदाने मात्र त्या सुराला लळा लावला. गाडीत बसून ती गप्पा मारायची, केसांच्या गोष्टी, लोणच्याच्या गोष्टी. स्वतः जेवायचं विसरायची. तिचे गाल बसले, तसा हरेश्वर ते पिस्टन कुठून आले हे विचारायला भंगारवाल्या भावेशकडे गेला. भावेशला पिस्टन चांगले आठवत होते. "राजोडीची गाडी होती, काका. खाडीत गेलेली. एलिना नावाची पोरगी चालवत होती. तिला काढेपर्यंत भरती चढली."

राजोडीला एलिनाची आई सालोमी एकटीच राहत होती. ओट्यावर खुर्ची देऊन तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं. दचकली नाही की रडली नाही.

"गेल्यावरपन ती यायची, भाऊ," ती म्हणाली. "दुपारी मी भांडी घासायला बसले की मागं उभी राहून गुनगुनायची. होळीच्या टायमाला बंद झाली. फादर बोलले, तिला शांती मिळाली. मी आनंद मानायला पायजे होता. नाय मानता आला."

हरेश्वरला मान वर करवेना.

परत येऊन त्याने नर्मदाला सांगितलं.

"नेऊन द्या," ती म्हणाली. "आईजवळ असू दे पोर. आपला आला असता तर मी दिला नसता."

त्याने इंजिन खोललं. इतके दिवस चाललेल्या पिस्टनच्या माथ्यावर काजळी हवी होती. ते धुतल्यासारखे स्वच्छ होते. नर्मदाने एकेक पदराने पुसला आणि जुन्या साडीत गुंडाळून दिला.

सालोमीने ते गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं.

हरेश्वरने गाडीत गाडीच्याच कंपनीचे पिस्टन बसवले. इंजिन ठीक चाललं. फरशी कोरडी राहिली. नर्मदा एकदाच येऊन बसली, ऐकलं, आणि उतरून गेली.

पुढच्या रविवारी, चर्चमधली मिसा आटोपल्यावर, सालोमीचा फोन आला.

"भाऊ, एलिना आली."

"बरं झालं, ताई."

"एकटी नाय आली. संगती एक पोरगा हाय. मागच्या दारी उभा राहतो. आत ये बोलले तर हात दाखवतो. हात काळे हायेत त्याचे, कोपरापर्यंत."

हरेश्वरची नजर भूपेशच्या टेबलाकडे गेली.

"काय देऊ त्याला पुसायला?"

"फडक्याला थोडं डिझेल लावून द्या, ताई. नुसत्या साबणाने ते निघत नाही."

पलीकडे नळ सुटल्याचा आवाज आला. पाणी बादलीत पडत होतं, मध्येच कोणाच्या तरी हातावर अडत होतं.

"थांब रे बाबा," सालोमी फोनपासून तोंड वळवून हळूच म्हणाली, "टॉवेल देते."