ताईची कॉल साइन

“ताई... ऐकत असशील तर एक शब्द तरी बोल गं! ओव्हर.”

टेबलावरच्या रेडिओतून धाकट्या भावाचा आवाज आला आणि ताईने चहाचा कप शांतपणे खाली ठेवला. आता बोलण्याचं बटण सोडून तो नेहमीसारखा तीन मिनिटं उत्तराची वाट पाहणार... आणि ही तीन मिनिटं म्हणजे तिच्या अवघ्या दिवसातलं परमसुख! तिने मिठाची गुळणी धरली. मार हाका, घसा फुटेस्तोवर मार!

तीन वर्षं रोज सकाळी सहाला हेच चाललं होतं.

आई गेली तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. त्याच्यासाठी ताईने बंदरावरच्या बिनतारी केंद्रातली नोकरी सोडली, ठरत आलेलं लग्न मोडलं आणि स्वतःसाठी ठेवली ती एवढीच हौस... माडीवरची खोली, छपरावरची रेडिओची तार, आणि कधीही न भेटलेले, तिला फक्त कॉल साइनने, म्हणजे रेडिओवरच्या सांकेतिक अक्षरांनी, ओळखणारे दूरदूरचे स्नेही! पुढे धाकट्याला त्या हौसेची लाज वाटू लागली. “या वयात परक्या पुरुषांशी कसल्या गप्पा मारतेस?” असं तो म्हणे. मग मांडीचं हाड मोडून ताई पाच महिने रुग्णालयात पडली, तेवढ्यात त्याने रेडिओ भंगारात घातला, तार कापली, आणि चौकशीचे फोन करणाऱ्या रेडिओमित्रांचा ससेमिरा चुकवायला एकदाच सांगून टाकलं, “ताई गेली.”

रेडिओवर रोज सकाळी सातला सगळ्यांची हजेरी होते. त्या सभेत मित्रांनी मिनिटभर स्तब्ध राहून तिला निरोप दिला. ताई काठी टेकत घरी आली ती स्वतःच्या मरणाची एकशे बारा सांत्वनपत्रं वाचायला! आल्या पावली ती पत्ता न सांगता बाहेर पडली, भाड्याच्या खोलीत राहिली आणि जुना रेडिओ मिळवून नुसती ऐकू लागली. कोण ऐकतंय हे रेडिओवर कुणालाच कळत नाही.

पुढे धाकट्याला उपरती झाली. पंचावन्नाव्या वर्षी परीक्षा देऊन त्याने रेडिओवर बोलायचा परवाना काढला आणि तिला हाका मारू लागला. वरातीमागून घोडं! पण खरं काय ते मात्र त्याने कुणालाही सांगितलं नाही. लोक म्हणत, “मेलेल्या बहिणीला रोज साद घालतो बिचारा, केवढी ही माया!” ते ऐकून ताईच्या अंगाचा तिळपापड होई.

“ताई, आज शेवटचं,” तीन मिनिटं संपल्यावर आवाज पुन्हा आला, घोगरा, अडखळत. “घशात गाठ आहे. अकराला स्वरयंत्र काढणार आहेत. तू होतीस त्याच रुग्णालयातून बोलतोय. उद्यापासून हाक मारता यायची नाही.”

बरं झालं! ज्या तोंडाने मला मारलं, ते बंद होतंय... ताई आनंदाची वाट पाहत बसली. आनंद काही येईना. आली ती वेगळीच भीती. हा आवाज गेला तर आपण कायमच्या मेलेल्याच राहणार! तिने काठी उचलली.

रुग्णालयातल्या खाटेवर हातातला छोटा रेडिओ छातीशी धरून तो बसला होता. तिला पाहताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“ताई! तू... ऐकत होतीस?”

“रोज. एक दिवस चुकवला नाही.”

“मग ओ का दिली नाहीस गं?”

“मेलेली माणसं ओ देतात का रे?”

त्याने तिचे पाय धरले. “पाय सोड,” ती कडाडली. “माफी सातच्या सभेत माग, सगळ्यांसमोर! याच आवाजाने मला मारलंस, याच आवाजाने जिवंत कर... मग खुशाल जाऊ दे त्याला!”

“वन्सं, त्यांना बोलायची मनाई आहे हो!” खाटेशी उभी असलेली भावजय रडत म्हणाली.

“तीन वर्षं मला जगायची मनाई होती!”

सात वाजले. “मी खोटं बोललो होतो,” धाकटा रेडिओवर एकेक शब्द ओढत म्हणाला. “मला बहिणीची लाज वाटत होती. ताई जिवंत आहे. तुमची सहानुभूती मी चोरून खाल्ली.”

मग सभा चालवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांनी ताईच्या कॉल साइनचं एकेक अक्षर उच्चारलं. “ताई, हजेरी द्या. बोला, आम्ही सगळे थांबलोय.”

तीन वर्षं घासूनपुसून ठेवलेली दूषणं तिच्या ओठांवर आली. धाकट्याने तिच्या हाती रेडिओ दिला आणि डोळे मिटून मान वर केली. त्याच्या गळ्यावर, जिथे कापायचं तिथे, निळ्या शाईची रेघ ओढलेली होती... हाच गळा, तो नऊ वर्षांचा असताना, तिने मांडीवर घेऊन किती वेळा शेकला होता! अरे देवा, सूड सूड म्हणत हजार सकाळी या आवाजासाठी आपणच कान लावून बसलो होतो!

“हजर आहे,” ताई म्हणाली. “पण माझं राहू द्या. मला बोलायला पुढे पुष्कळ दिवस आहेत. माझ्या भावाजवळ चारच तास आहेत. आधी त्याला बोलू द्या.”

तिने रेडिओ त्याच्या तोंडाशी धरला. त्याला हुंदका आवरेना.

“रडायला आवाज लागत नाही, वेड्या!” ती ओरडली. “ते दुपारनंतर कर. आत्ता बोल!”