ड्रायव्हरकाकू

तिसऱ्या ड्रमरचा दात तिला गाडी झाडताना सापडला. मागच्या सीटखाली, वायरींच्या वेटोळ्यामागे, मुळासकट, आणि मुळाला वाळून काळं पडलेलं रक्त... आधी तिला वाटलं, कुणाच्या शर्टाचं बटण असेल. तळहातावर घेतल्यावर कळलं. अंगणात सकाळचं ऊन पसरलं होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीत सून कप विसळत उभी होती, आणि ती, साठी उलटलेली बाई, परक्या मुलाचा दात मुठीत धरून गाडीच्या पायरीवर बसून राहिली.

सुनेनं खिडकीतून पाहिलं. फक्त नळ जरा मोठा सोडला.

आत मुलगा टेबलाशी बसून गिटारच्या तारा बदलत होता. तिनं तो दात त्याच्यासमोर ठेवला.

"हे काय आहे?"

"पडला तो परवा," मुलगा मान वर न करता म्हणाला.

"पडला, की तू पाडलास?"

"आई, तू गाडी चालव. बँड मी चालवतो."

तीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली होती. निवृत्त झाली त्याच महिन्यात मुलगा म्हणाला होता, घरी बसून काय करणार, आमची गाडी चालव. आणि तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. चौघांचा बँड होता. मुलगा गिटार वाजवायचा, सून कीबोर्ड, आणि बास गिटारवर होते मास्तर, जे शाळेतलं गणित शिकवणं सोडून आले होते आणि अजूनही सगळ्यांना मास्तरच होते. चौथी जागा ड्रमरची, तिथला माणूस बदलत राहायचा. गाणारं कुणीच नाही, नुसती वाद्यं. पाठीशी कुठली कंपनी नाही. स्वतः रेकॉर्ड करायचं, स्वतःच दाराशी टेबल मांडून विकायचं. गावामागून गाव, सभागृहांची मागची दारं, अवजड पेट्या चढवायच्या-उतरवायच्या, पेट्रोल पंपावर तोंड धुवायचं आणि पुढचा रस्ता धरायचा. सगळे तिला ड्रायव्हरकाकू म्हणायचे. ती वळणावर गाडी अशी घ्यायची की मागे झोपलेल्याची कूस बदलू नये.

मास्तर म्हणायचे, "आपल्यात गायक नाही, म्हणजे निम्मी भांडणं वाचली."

उरलेली निम्मी तिचा मुलगा एकटाच करायचा. पहिल्या ड्रमरच्या कानाचा पडदा फाटला. दुसरा सिग्नलला गाडी थांबलेली असताना दार उघडून उतरला आणि कपड्यांची बॅगही न घेता निघून गेला. आता तिसऱ्याचा दात. प्रत्येक वेळी तिनंच ड्रमच्या कातड्यावरचं रक्त ओल्या फडक्यानं पुसलं होतं, आणि सुनेच्या दंडावरचे डाग दिसले की नजर रस्त्यावर ठेवली होती...

कारण ते हात तिच्या ओळखीचे होते. मुलाचा बाप असाच होता. शेजारणींना ती सांगायची, जिन्यावरून पडले. डॉक्टरांना सांगायची, कपाट लागलं. सात वर्षांचा मुलगा टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलेला असायचा, आणि ती फुटल्या ओठांनी त्याला जवळ घेऊन बजावायची, "बाहेर कुणाला बोलायचं नाही हं." नवरा मेला, पण तो धडा मुलानं पक्का पाठ केला होता. हे शल्य तिच्या अंतःकरणात इतकं खोल रुतलं होतं, की मुलावर रागावण्याचाही आपल्याला अधिकार नाही असं तिला वाटे.

चौथा ड्रमर आला तो बेकरीत कामाला होता. पाववालाच म्हणायचे त्याला सगळे. गलेलठ्ठ, हळू बोलणारा, आणि वाजवायला बसला की त्याच्या हातात असं काही मार्दव यायचं की सुनेची बोटं आपोआप मोकळी व्हायची. ड्रायव्हरच्या सीटवर बसून तालीम ऐकताना तिला ते कळायचं. मुलालाही कळत होतं. तेच वाईट झालं.

त्या दौऱ्यातलं ते पाचवं गाव. सभागृहामागचं आवार उताराचं होतं. दुपारची वेळ, आत साउंडचेक नुकतं संपलेलं. शेवटच्या तुकड्यात पाववाल्यानं लय जरा सैल सोडली, सुनेनं त्या जागेत चार सूर जास्त वाजवले, आणि खुर्च्या लावणारी दोन माणसं हातातलं काम टाकून ऐकत उभी राहिली. एवढंच निमित्त.

ती गाडीच्या नाकाशी उभी राहून रेडिएटरमध्ये पाणी ओतत होती. सभागृहाचं मागचं दार धाडकन उघडलं, पाववाला पाठमोरा बाहेर फेकला गेला, आणि त्याच्यामागून माइकचा लोखंडी स्टँड उचलून तिचा मुलगा आला. पहिला घाव खांद्यावर, दुसरा बरगड्यांवर. पाववाला हात वर करून "अरे, ऐक... ऐक ना" एवढंच म्हणत होता. तिसऱ्या घावाला सून मध्ये पडली आणि लोखंड तिच्या कानशिलावर बसलं. ती ओरडली नाही. झोकांड्या खात गाडीपर्यंत आली, उघड्या दारातून आत शिरली आणि पेट्यांमध्ये तोंडावर कोसळली.

मास्तर धावत आले. रक्तबंबाळ झालेल्या पाववाल्याच्या काखेत हात घालून त्यांनी त्याला आत ओढत नेलं. "कुणीतरी या, कुणीतरी या" असा त्यांचा आवाज लांब लांब गेला. आवारात उरली आई आणि मुलगा.

मुलगा गाडीकडे वळला. "ऊठ. नाटकं पुरे." एक पाय आत टाकून, उजव्या हातानं दाराची चौकट बिजागरीपाशी धरून त्यानं डाव्या हातात सुनेचे केस गुंडाळले आणि ओढलं. बेशुद्ध मान मागे लटकली. डोकं पेटीच्या कडेवर आपटलं. पुन्हा ओढलं. पुन्हा आपटलं.

"सोड तिला," आई दारापाशी येत म्हणाली.

त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"सोड म्हणते ना."

तेव्हा त्यानं वळून पाहिलं, आणि त्या डोळ्यांत तिला तीस वर्षांपूर्वीचा एक मेलेला माणूस दिसला. चौकटीवरची मुलाची बोटं तिच्या हातभर अंतरावर होती. त्या बोटांना पहिला सूर सापडला तेव्हा तिनं देवासारखी ती डोळ्यांना लावली होती... तिनं दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि सगळा भार टाकून दार लोटलं.

हाडं मोडल्याचा आवाज आला. मुलगा जनावरासारखा किंचाळला. पण डावी मूठ सुटली नाही. उलट वेदनेनं ती अधिकच आवळली आणि सुनेचं डोकं पुन्हा आपटलं. आईनं दार मागे ओढलं. मुलगा तिच्याकडे पाहत होता, "आई" म्हणत होता. तिनं दार पुन्हा लावलं.

मग मूठ सुटली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, बाईंच्या डोक्याला काय लागलं? मुलगा म्हणाला, स्टँड अंगावर पडला. आणि हाताला? तेव्हा ती पुढे झाली. "गाडी उतारावर होती. हँडब्रेक लावायचा राहिला माझ्याकडून. गाडी हलली आणि दार लागलं." मुलानं तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. खरं सांगितलं असतं, तर तेव्हा आपण सुनेचं काय करत होतो तेही त्याला सांगावं लागलं असतं. पाववाल्यानं तक्रार केली नाही. मार खाल्लेली माणसं बहुधा करत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. तिसरं कधीच वाकलं नाही.

सुनेला पहिल्या घावापुढचं काही आठवत नव्हतं. तिला दिसत होता तो एवढाच... लहान मुलासारखा हुंदके देणारा, थोटा झालेला नवरा. पंधरा दिवसांनी, टाके निघाल्यावर, तिनं सासूची बॅग दाराबाहेर ठेवली.

"तीस वर्षं लोकांची मुलं शाळेत नेलीत," सून म्हणाली, "आणि स्वतःच्या मुलाच्या वेळी ब्रेक विसरलात? तो सुधारलाही असता, आई. आता कशाच्या जोरावर सुधारेल तो?"

तुझ्यासाठी मीच मोडला तो हात, असं सांगितलं असतं, तर ही पोर त्या हाताचं ऋण मानून जन्मभर त्याच्या पायाशी बसली असती. अपघात झाला म्हटलं, तर निदान एक दिवस उठून जायला मोकळी राहील... "चुकलं माझं," ती म्हणाली आणि बॅग उचलली.

बस डेपोजवळ तिला एक खोली मिळाली आणि डेपोत बस धुण्याचं काम. दीड वर्ष गेलं. अधूनमधून मास्तर यायचे, पायरीवर बसायचे, बातमी सांगायचे. गिटारवर दुसरा कुणी ठेवलाच नाही. कीबोर्ड, बास आणि ड्रम, असे तिघंच वाजवतात. हो, पाववाला परत आला, सूनबाईनंच जाऊन आणला. लोक येतात ऐकायला. तुमचा मुलगा असतो बरोबर, आवाज जुळवायला मिक्सरवर बसतो.

"हात उगारतो का?" ती दर वेळी विचारायची.

"नाही आता," मास्तर म्हणायचे, आणि चपलेचा पट्टा नीट करायचे. तिला विश्वास ठेवायचा होता, म्हणून ती ठेवायची.

मग एका दुपारी, ती बसच्या चाकांवर पाण्याचा फवारा मारत असताना, फाटकातून सून आली. डावा हात प्लॅस्टरमध्ये, खालचा ओठ फाटलेला, एक डोळा सुजून बंद. सासूच्या हातातली रबरी नळी जमिनीवर पडून वळवळू लागली.

"त्यानं?"

"स्टेजच्या जिन्यावरून ढकललं. डावा हात अजून शाबूत आहे ना त्याचा," सून म्हणाली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं. रडण्याच्या पलीकडचा कोरडेपणा होता. "मी म्हटलं, आता मी चालले. तेव्हा हसला. म्हणाला, जा, पण एक ऐकून जा. तुझ्यापायी माझ्या आईनं माझा हात चिरडला. एकदा नाही, दोनदा. अपघात-बिपघात काही नव्हता. आता हे डोक्यावर घेऊन जा कुठे जायचं ते... मी बांधलेली राहावी म्हणून सांगितलं त्यानं ते."

पाणी दोघींच्या पायांखालून वाहत होतं.

"का नाही सांगितलंत?" सून म्हणाली. "मी तुम्हाला घराबाहेर काढलं. का नाही बोललात?"

"तुला वाटलं असतं, तुझ्यामुळे त्याचा हात गेला. त्या ओझ्याखाली राहिली असतीस त्याच्यापाशी."

"राहिलेच ना. दीड वर्ष. माहीत असतं, तर त्याच दिवशी कळलं असतं की त्याला थांबवायला त्याच्या आईलासुद्धा त्याचा हात मोडावा लागतो. मग मी कशाला थांबले असते?"

जे आपण त्याग म्हणून उराशी कवटाळलं, ते तेच जुनं मौन होतं... फुटल्या ओठांनी मुलाला शिकवलेलं. ती तिथेच ओल्या फरशीवर बसली.

"गप्प राहणं एवढंच येतं गं मला," ती म्हणाली. "आयुष्यभर तेच केलं. माझ्यामुळे झालं हे. त्याचंही आणि तुझंही."

सून तिच्याशेजारी बसली. मग सून म्हणाली, "मी पोलिसांकडे चालले आहे. पाववालाही येतोय. तुम्ही आलात तर हाताचंही निघेल. तुमच्यावरही केस होईल."

तिनं उठून नळ बंद केला. "चल."

पोलीस ठाण्यात तिनं सगळं सांगितलं. दात, कानाचा पडदा, लोखंडी स्टँड, केस, दार. जबाब लिहिणारा तरुण अधिकारी मध्येच थांबला.

"म्हणजे दार आपोआप लागलं नाही?"

"नाही. मी लावलं. मग उघडून पुन्हा लावलं."

त्यानं लिहिलं आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. "...तेव्हा रागाच्या भरात मी दार..."

"राग नव्हता," ती म्हणाली. "ते काढा."

"काकू, राग लिहिला तर तुमच्याच फायद्याचं आहे."

"असेल. पण राग नव्हता मला. समजून उमजून लावलं, असं लिहा."

अधिकाऱ्यानं सुनेकडे पाहिलं. त्यानं शब्द खोडला, वर नवा लिहिला, आणि तिनं सही केली.

संध्याकाळी मुलाला आणलं. दोन पोलिसांच्या मध्ये, उजवा हात खिशात लपवून, तो व्हरांड्यातून त्यांच्या समोरून गेला. आईकडे त्यानं पाहिलं नाही. चालताना मात्र त्याचा खांदा लहानपणी टेबलाखालून बाहेर येताना आकसायचा तसा आकसला, आणि इतकी वर्षं धरून ठेवलेलं तिचं सगळं बळ एकाएकी सरलं. बाकावर बसल्या बसल्या ती वाकली, तोंडावर पदर दाबला, सुनेच्या त्या फुटलेल्या चेहऱ्यासमोर मुलासाठी रडायचं कसं, म्हणून श्वास कोंडून धरला...

सुनेनं चांगल्या हातानं तो पदर तिच्या तोंडावरून हळूच काढला.

"रडा, आई," ती म्हणाली. "त्याच्यासाठी रडलात तरी मला चालेल."