सरकीखालची गाडी

"ओढ रे सेवा! नुसते दात काय दाखवून राह्यला?"

"ओढूनच राह्यलो ना बाप्पा! गाडीचा पाय अडकला आतमंधी!"

हुकूमचंद सेठजींच्या जिनिंगच्या गोदामात नुसता धुरळा उडाला होता. मे महिना, कापसाचा हंगाम संपलेला आणि कारखाना बंद. कोपऱ्यात सरकीचा, म्हणजे रुई काढून उरलेल्या बियांचा, डोंगराएवढा ढीग होता. त्यात अर्धी गाडली गेलेली एक लोखंडी वस्तू तिघं जण ओढत होती. पुढे दोरी धरून बारा वर्षांची यशोधरा. तिच्या मागे तिच्याच वर्गातला सेवादास, तांड्यावरून रोज सायकल हाणत येणारा. आणि ढिगापाशी फावड्याने सरकी उपसणारा देवेंद्रकुमार, सेठजींचा नातू. तो सुट्टीसाठी अकोल्याहून रिसोडला आला होता.

"एक... दोन... तीन!"

सरकी खळकन ओघळली आणि वस्तू बाहेर आली. दोरी धरलेले दोघेही धपकन मागे पडले! चार छोटी चाकं, वाकडं स्टिअरिंग, मागे तांब्याएवढं इंजिन, आणि गंजाखालून कुठे कुठे डोकावणारा लाल रंग.

"हिला गो-कार्ट म्हणतात," देवेंद्र धापा टाकत म्हणाला. "माझ्या काकांनी एकसष्ट साली मुंबईहून आणली होती. ते मद्रासला गेले अन् ही इथेच पडून राहिली. दादाजी म्हणाले, भंगार आहे, न्यायचं तर न्या!"

"तेरा वर्षं झाली! चालन का आता?" सेवादासने विचारलं.

यशोधरा गाडीभोवती एक चक्कर मारून आली. तिचे डोळे चमकत होते. "चालन. माहे बाबा चालवतीन."

हे ती बोलून तर गेली, पण घराकडे जाताना तिची पावलं जड झाली. तिचे बाबा, ग्यानबा, याच जिनिंगमध्ये फिटर होते. कुठलंही यंत्र त्यांच्या हाताखाली पुन्हा सुरू व्हायचं. पण महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच यंत्रांना तेल द्यायला आत गेले आणि तेवढ्यात इंजिन सुरू झालं! पट्टा फिरला, उजव्या हाताची दोन बोटं गेली. इंजिन लावण्याआधी तीनदा घंटी वाजवायची, असा कारखान्याचा नियम होता. बाबा म्हणाले, घंटी वाजलीच नाही. इंजिन लावणारे फोरमन बबनराव म्हणाले, तीनदा वाजवली, याचंच लक्ष नव्हतं. सेठजींनी फोरमनवर विश्वास ठेवला. पुढच्या हंगामात काम नाही आणि मे संपायच्या आत कारखान्याची खोली रिकामी करायची! म्हणजे केनवडला मामाच्या घरी जायचं आणि यशोधराची रिसोडची शाळा सुटायची.

तेव्हापासून बाबा कडुनिंबाखाली खाटेवर बसून राहत. फारसं बोलत नसत.

तिघांनी गाडी ढकलत थेट त्यांच्यासमोर आणून उभी केली. बाबांनी एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

"घेऊन जा. माह्यानं पानाबी धरल्या जात नाई."

"तुमी फक्त सांगा, बाबा," यशोधरा म्हणाली. "पाना मी धरतो."

"पोरीचं काम नोहे ते."

"काहून नोहे?" दारातून आई, विमलबाई, म्हणाली. "मी रोज जिनवर कापूस टाकतो, तवा नाई कोनी म्हनत पोरीचं काम नोहे म्हनून!"

बाबा किंचित हसले. किती दिवसांनी! मग हळूच वाकून त्यांनी डाव्या हाताने इंजिनाचं चाक फिरवून पाहिलं. ते जागचं हललं नाही.

"जाम हाये. प्लग काढ, अन् त्या भोकातून रॉकेल सोड. दोन दिवस हात लावाचा नाई!"

आणि काम सुरू झालं! यशोधराने पहिल्यांदाच नट बसवायला घेतला आणि जोर लावून लावून घामाघूम झाली.

"थांब," बाबा म्हणाले. "तिरपा चढून राह्यला तो. उलटा फिरव. टक्‌ आवाज आला का मंग सुदा फिरव. त्याले त्याची वाट सापडू दे."

टक्‌! नट लोण्यासारखा बसला. यशोधरा आनंदाने ओरडलीच!

सेवादास विटेच्या भुकटीने गंज घासू लागला. देवेंद्रने जन्मात पहिल्यांदा हाताला ग्रीस लावलं आणि तेच कपाळालाही लागलं. टायरच्या ट्यूबा कुजून गेल्या होत्या, तेव्हा बाबांनी टायरांत काथ्या ठासून भरायला लावला. वाकलेला स्टिअरिंगचा दांडा चुलीत लाल करून सरळ केला. तिसऱ्या दिवशी इंजिनाचं चाक फिरवलं तर आतून "फुस्स" असा आवाज आला.

"दम हाये अजून!" बाबा म्हणाले. आता ते खाटेवर बसत नव्हते. गाडीपाशी उकिडवे बसून इंजिनाला कान लावत होते, "हं, अजून अर्धा आटा" म्हणत होते. आईने भाकर खायला तीनदा हाक मारली तरी त्यांना ऐकू जात नव्हती.

राहिला ब्रेक. "सायकलची तार पह्यल्याच झटक्यात तुटन," बाबा म्हणाले. "जाड, पीळदार तार पाह्यजे."

"मले माहीत हाये!" सेवादास उडी मारून उठला. "गाडी ओढली ना आपुन, तिथंच सरकीखालून एक तार निघून राह्यली!"

तिघं धावत गोदामात गेले. खरंच! तारेच्या टोकाला लाकडी मूठ होती आणि बाकीची तार ढिगाच्या पोटात गेलेली. ओढून ओढून हात लाल झाले, पण तार येईना. शेवटी सेवादासने छिन्नी लावून ढिगाच्या कडेशीच ती तोडली. हातभर लागणार होती, दोन हात मिळाली!

पण ती मूठ पाहताच बाबांचा चेहरा बदलला.

"हे कुठं भेटली तुमाले?"

"सरकीच्या ढिगाखाली. काहून, बाबा?"

"घंटीची तार हाये हे. मूठ बबनरावानं सोताच्या हातानं तासली. ह्या तीन खाचा पाह्य."

"पन घंटीले तं तार हाये," यशोधरा म्हणाली. "मी कालच पाह्यली."

"ते नवी हाये." बाबांनी मूठ उलटीसुलटी करून पाहिली. मग त्यांनी ती खाली ठेवली. "परत नेऊन ठेव, यशू. कोन आयकते आपलं?"

ते उठून आत गेले. पण यशोधराच्या डोक्यात काहीतरी फिरायला लागलं होतं.

"देवेंद्र, तो ढीग तिथं कधी पडला, हे सेठजीयले इचारशीन का?"

जैन घरातल्या रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून देवेंद्र घरी गेला आणि सकाळी धावतच परत आला.

"शिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी! दादाजी स्वतः समोर उभे होते. म्हणाले, तेव्हापासून त्या ढिगाचा खालचा दाणाही हलला नाही!"

यशोधरा ताडकन उभी राहिली. "आता पाहा! तार ढिगाच्या खाली हाये. म्हंजे ढीग पडाच्या आधी ते तुटली. मंग शिवरात्री झाली, कारखाना बंद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी..."

"...घंटीले तारच नव्हती!" सेवादास ओरडला. "मंग बबनकाकायनं वाजवली काय? शिट्टी?"

"चला, आत्ताच दादाजींना सांगू!" देवेंद्र निघालाच.

"थांब ना! बबनकाका म्हनतीन, हे घंटीची तारच नोहे. मंग?"

मग सेवादासच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "मंग त्यायलेच ओयखू देऊ ना! त्यायच्या डोयासमोर मूठ नाचवू!"

बेत ठरला. तार परत गेलीच नाही. यशोधराने ती ब्रेकला जोडली आणि मूठ मुद्दाम वर, स्टिअरिंगजवळ, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. शेवटचा नट ती आवळत होती, तोच पाठीमागे सावली पडली. बाबा! त्यांनी मूठ पाहिली. मुलीकडे पाहिलं.

बाबा खाली बसले. त्यांनी तिच्या हातातून पाना घेतला आणि डाव्या हाताने तो नट स्वतः आवळला.

रविवारी सकाळी सेठजी पेढीच्या ओट्यावर येऊन बसले. नातवाने फारच आग्रह केला होता. समोर कारखान्याचं मोठं अंगण. बाबांनी कार्बोरेटरचा स्क्रू एवढासा फिरवला आणि मान हलवली. सेवादास आणि देवेंद्र मागून ढकलू लागले.

फट्... फट्... काहीच नाही. पुन्हा ढकला! फट् फट् फट् फर्रर्र!

"चालली! चालली रे!"

काळा धूर सोडत लाल गाडी अंगणात धावू लागली. यशोधराच्या वेण्या मागे उडत होत्या. स्टिअरिंग हाताला झटके देत होतं. ओट्यावरून सेठजी "वा, बेटी, वा!" म्हणून टाळ्या वाजवत होते. एक फेरी झाली, दुसरी झाली आणि तेवढ्यात फाटकातून बबनराव आत आले. यशोधराने गाडी सरळ त्यांच्याकडे वळवली!

"अवं, अवं! बाजूले घे!" बबनराव मागे सरले.

यशोधराने मूठ खसकन ओढली. चाकं करकरली, माती उडाली आणि गाडी बबनरावांच्या चपलांपासून वीतभर अंतरावर थांबली. बबनरावांची नजर मुठीवर पडली.

"हे काय? सेठजी! ह्या पोट्ट्यायनं कारखान्याचा माल चोरला! घंटीची तार हाये ही!"

"कशावरून, काका?" देवेंद्रने अगदी भोळा चेहरा केला. "तारा काय, सगळ्या सारख्याच दिसतात."

"मले शिकवतं का? मूठ माह्या हातची हाये! ह्या तीन खाचा मीच पाडल्या!"

"पन घंटीले तं तार हाये," सेवादास म्हणाला.

"नवी हाये ते! जुनी तुटली म्हनून बदलली मी."

"कवा तुटली, काका?" यशोधराने हळूच विचारलं.

बबनरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "होळीच्या वक्ताले."

यशोधरा गाडीतून उतरली. "सेठजी, हे आमाले सरकीच्या ढिगाखाली भेटली. अर्धी अजून तिथंच हाये. तो ढीग कवा पडला, ते तुमाले माहीत हाये."

सेठजी ओट्यावरून उतरले आणि तडक गोदामाकडे चालू लागले. त्यांच्या देखत दोन गड्यांनी ढिगाची ती कड उपसली. अगदी तळाशी, फरशीला चिकटलेली, तारेची उरलेली गुंडाळी होती.

"शिवरात्रीच्या आधी पडलेल्या सरकीखाली होळीला तुटलेली तार कशी गेली, बबनराव?" सेठजींनी विचारलं.

बबनराव तिथेच पोत्यावर बसले.

"शिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुपारीच तुटली, सेठजी. मी गुंडायली अन् गोदामाच्या कोपऱ्यात फेकली. म्हटलं, सन झाला का पाहू. त्या सकायी... आत कोनी नसन, असं वाटलं मले. वाटलं फक्त! पाह्यलं नाई. मंग ग्यानबाचा हात पाह्यला अन् भेलो. माहे तीन लेकरं हायेत." त्यांनी बाबांकडे पाहून हात जोडले. "त्या दिवसापासून धड झोप नाई आली, ग्यानबा."

बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं की सुटकेचं, यशोधराला कळलं नाही.

"बोटं तं गेली, बबनराव," ते म्हणाले. "पन मले खोटं पाडलं, ते जास्त लागलं."

सेठजींनी टोपी काढली. एवढ्या मोठ्या माणसाला असं उभं राहिलेलं यशोधराने कधी पाहिलं नव्हतं. "चूक माझीही आहे, ग्यानबा. मी घंटी बघायला गेलोच नाही. एकाचं ऐकलं अन् फैसला करून टाकला. माफ कर. खोली तुझी, काम तुझं, आणि उपचाराचा सगळा खर्च कारखान्याचा. आता या बबनरावांचं काय करायचं, तूच सांग."

सगळे बाबांकडे पाहू लागले.

"त्यायच्या लेकरायनं काय केलं? ठेवा त्यायले. पन इंजिनाची चावी माह्यापाशी राहीन. आत कोन हाये ते पाह्यल्याबिगर, घंटी वाजल्याबिगर, इंजिन लागनार नाई."

"मंजूर!" सेठजी म्हणाले. मग ते तिघांकडे वळले. "आणि तुम्ही! आम्ही मोठी माणसं तीन महिन्यांत जे बघू शकलो नाही, ते तुम्ही आठ दिवसांत शोधलंत. शाबास! बोला, काय बक्षीस पाहिजे?"

देवेंद्र आणि यशोधरा एकमेकांकडे बघत राहिले. सेवादासने मात्र क्षणाचाही वेळ लावला नाही.

"पेट्रोल!"

सगळं अंगण हसलं. बबनरावही डोळे पुसत हसले.

"आधी ग्यानबा चालवणार," सेठजींनी फर्मावलं. बाबा नाही नाही म्हणत बसले. त्यांचे गुडघे पार हनुवटीला टेकले. मागच्या पट्टीवर यशोधरा त्यांचे खांदे धरून उभी राहिली. फर्रर्र! गाडीने एक डौलदार वळण घेतलं, फाटकापर्यंत गेली, दोन उचक्या दिल्या आणि बंद पडली.

"संपलं वाट्टे पेट्रोल!" बाबा खो खो हसत ओरडले.

सेवादास आणि देवेंद्र धावले. पण त्यांच्याही आधी सेठजींनी धोतराचा सोगा कमरेला खोचला होता. त्यांनी गाडीला मागून दोन्ही हात लावले.

"बसून राहा, ग्यानबा! उतरू नको!" ते म्हणाले. "चला रे पोरांनो, लावा जोर!"