ताप्ती इलेव्हनची चेष्टा

टाळ्या वाजल्या आणि मी चिडून मागं वळले.

"अहो, गोल आपल्यावर झालाय! टाळ्या कसल्या वाजवता?"

कडुलिंबाखाली उभा होता तो – उंच, सावळा, हातात निथळती छत्री. लाजून एवढासा झाला. "माफ करा... मी नवीन आहे. आपली टीम कोणती?"

"जी हरतेय ती."

हसला. बाई गं, काय हसला! मी मुद्दाम मैदानाकडे बघत राहिले, पण त्या दिवशी आणखी किती गोल झाले ते विचाराल तर सांगता येणार नाही.

ही छप्पन सालची गोष्ट. आमच्या गावची फुटबॉल टीम, ताप्ती इलेव्हन, जिल्ह्याच्या खालच्या गटात खेळायची आणि तिथंही हरायची. मी सहा वर्षांची असताना बाबांनी बोट धरून मैदानावर नेलं, तेव्हापासून एक रविवार चुकवला नव्हता. लोक हसायचे. हसोत बापडे! जिंकणाऱ्यांना काय, कुणीही टाळ्या देतं. आता म्हातारपणी वाटतं, वाट बघायला मी तिथंच शिकले.

त्याचं नाव दिगंबर, शाळेत गणिताचा नवा मास्तर, आईला घेऊन गावात आलेला. घराणं मराठी, पण तीन पिढ्या होशंगाबादला. बोलायचा मराठीच, लिहायला बसला की शाळेतली हिंदी मधे घुसायची. दर रविवारी शेंगांची पुडी घेऊन यायचा.

"घ्या ना, विमल."

"आधी आपला गोल होऊ द्या."

"मग तर उपाशीच राहाल..."

असे दोन महिने गेले. तेवढ्यात राज्यांची नव्यानं जोडणी झाली. विदर्भ मुंबईकडे गेला, आमचं बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं आणि तहसिलीत कारकून असलेल्या बाबांच्या वाट्याला अकोला आलं. पंधरा दिवसांत निघायचं होतं. हे मी दिगंबरला सांगितलं. पुढच्या रविवारी शेंगांच्या पुडीत चिठ्ठी निघाली –

"विमल, आपल्या लग्नाची मी घरी रोज चेष्टा करतो. आई चिडते. पण मी सोडणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्नाची चेष्टा? तीही रोज, आईसमोर? पुडी त्याच्या पायाशी टाकून मी तडक घरी आले. उशीत तोंड खुपसून रडले. त्या मेल्यावर जीव जडला होता ना माझा!

जायच्या आधीचा शेवटचा रविवार. मी लांब, पार दुसऱ्या टोकाला बसले. चार गोलांनी हरलो. मग क्लबचे सेक्रेटरी गिरधरभाऊ खुर्चीवर चढले. नवं राज्य, नवी हिंदी! छाती फुगवून म्हणाले, "हमारे खिलाड़ियों ने अंत तक चेष्टा की!"

मी ताडकन उठले. "गिरधरभाऊ, पोरं जीव तोडून खेळली आणि तुम्ही म्हणता चेष्टा केली?"

"अगं वेडे, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न! कोशिश!"

सगळे हसले. मला मात्र ती चिठ्ठी आठवली. म्हणजे तो... रोज... आईशी...

दिगंबर फाटकापर्यंत पोचला होता. पदर खोचला आणि चिखलातून धावले.

"अहो, थांबा! आईंनी ऐकलं का तुमचं?"

त्यानं वळून पाहिलं. "काल ऐकलं. पण तुम्हीच तर..."

"मी मूर्ख आहे. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा हो! मला वाटलं, तुम्ही आपल्या लग्नाला हसता."

"अरे बाप रे!" त्यानं कपाळावर हात मारला.

"मला अकोल्याला जायचं नाही," मी म्हटलं, "मला तुम्ही हवे आहात."

त्याचे डोळे भरून आले. "पुन्हा एकदा म्हणा..."

"आता बाबांसमोर म्हणते. चला."

घरी बाबा सामानाला दोऱ्या बांधत होते. दिगंबरनं उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं, अडखळत, अर्धं हिंदीत. माझं सांगून झालं तरी बाबा खाली मान घालून गाठच मारत बसले होते. मग उठले, आणि ढिगातून माझी ट्रंक बाजूला काढून ठेवली.