तोंड नसलेला माणूस

"माझी नात झोपेत जे ओरडते, ते मला खरं वाटायला लागलंय," सुमतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

नारायणगावात खाजगी तपासाची कामं घेणाऱ्या आशाताईंनी त्यांच्यापुढे पाणी सरकवलं. त्यांचा जोडीदार हौशीराम मात्र गालात हसला. १९९८ साल होतं. भाड्यानं व्हीसीआर आणून भुताचा पिक्चर बघायचा आणि पुढे महिनाभर दचकायचं, हे त्याच्याही घरी चाललं होतं.

सुमतीबाईंचे यजमान फतेचंद, पिंपळवंडीचे जैन व्यापारी, अंथरुणाला खिळले होते. सारख्या उलट्या, हातांना कापरं. डॉक्टरांना कारण सापडेना. आणि भुताचा पिक्चर बघितल्यापासून धाकटी नात सिद्धी पहाटे किंचाळायची, "आजोबांजवळ भूत आलं!"

दुपारी दोघं पिंपळवंडीला पोचले.

फतेचंद यांचा धाकटा मुलगा, पोरींचा काका पारस, शेतीऔषधांच्या दुकानात कीडनाशक भुकटीच्या पुड्या बांधत होता. नाकापासून हनुवटीपर्यंत फडकं गुंडाळलेलं. ते खाली ओढून तो म्हणाला, "किडामुंगीही मारायची नाही म्हणून वडील दुकान बंद करायला निघाले होते. आजारपणामुळे विषय थांबलाय."

"आणि सिद्धीचं स्वप्न?"

"पिक्चरचं खूळ हो. त्यातलं भूत तांब्यात विष टाकतं, तेच हिला दिसतं."

"बघा, मी म्हनलंच व्हतं," हौशीराम पुटपुटला.

घरी थोरली नात रिद्धी म्हणाली, "पिक्चरमधलं भूत बाई आहे. लांब नखं. विहिरीतून येते आन् गळा दाबते."

"विष टाकते का कशात?"

"नाय! नुसती गळा दाबते."

सिद्धी आशाताईंच्या कानाशी लागली. "तो माणूस आहे. त्याला तोंडच नाही, नुसते डोळे. आजोबांच्या तांब्यात काहीतरी टाकतो."

"हे घरात सांगितलंस?"

"नाही. रिद्धी हसते. भूत आलं, एवढंच मी सांगते."

फतेचंद यांच्या उशाशी तांब्या होता; सिद्धी त्याच खोलीत झोपायची. दिवस मावळल्यावर ते पाणी घेत नसत; उकळून ठेवलेलं पाणी उजाडल्यावर पीत.

आशाताईंनी घरातल्या मोठ्यांना तिथंच बोलावलं.

"पिक्चरच्या भीतीनं ही पोर पहाटे दचकून उठते. अर्धवट जागेपणी जे दिसलं, तेही तिला स्वप्नच वाटलं. पिक्चरमध्ये बाई होती, हिनं पाहिला पुरुष. भुकटी नाकात जाऊ नये म्हणून त्यानं तोंड झाकलं होतं. पारसभाऊ, पिक्चरमध्ये तांब्या नाही आणि सिद्धीनं तांब्याचं घरात कुणाला सांगितलेलं नाही. मग तुम्हाला कसं ठाऊक?"

पारसनं वडिलांकडे पाहिलं. "मारायचं नव्हतं. ते पडून राहिले असते, तर दुकान वाचलं असतं..."

हौशीरामचं हसू केव्हाच मावळलं होतं. फतेचंदना त्यानं जीपमध्ये घातलं. "दवाखान्यात हे पाणी दाखवा," म्हणत आशाताईंनी तांब्या हौशीरामच्या हातात दिला आणि त्या पोलिसांची वाट बघत पारसजवळ थांबल्या.

फतेचंदनी बायकोचा हात धरला. "सिद्धीला सांग, स्वप्नच होतं."

सिद्धी दारातच उभी होती. "आजी, तो काका होता?"

सुमतीबाईंनी तिला उचलून छातीशी धरलं.

"होय बाळा," त्या म्हणाल्या.

हौशीरामनं गाडी सुरू केली.