एकोणीस किलो

बोटीवर चढण्याआधी काट्यावर वजन करायचं, हा आमच्या यार्डातला नियम होता. करवत असो, स्क्रूचा डबा असो, नाहीतर रंगाचा ब्रश, वजन झाल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही. बोट होतीच तशी. पंचावन्न फुटांची, पन्नास टनांची, वाटेत कुठेही डिझेल न भरता अख्खा महासागर ओलांडणारी. जितकं वजन वाढेल तितकं डिझेल जास्त जळणार, आणि समुद्राच्या मधोमध काही पंप नसतो. म्हणून आराखडा काढणाऱ्या बाई शिडीशी वही घेऊन बसायच्या आणि आलं-गेलं सगळं टिपून ठेवायच्या. त्यांच्या माघारी आम्ही त्यांना तराजूबाई म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं.

मी सुतार. मला सगळे मिस्त्री म्हणतात. ही शेवटची बोट, असं मी बायकोला कबूल केलं होतं, आणि खरं सांगतो, इतकं मनासारखं काम मला जन्मात मिळालं नव्हतं. उजव्या अंगाला लांबलचक स्वयंपाकघर. भिंतीला अक्रोडाच्या फळ्या, सगळ्या एकाच ओंडक्यातून कापलेल्या, रेषेला रेष जुळवून चिकटवलेल्या. बोट डोलताना खण आपोआप उघडू नयेत म्हणून आधी किंचित वर उचलायचे आणि मगच ओढायचे. ओट्याची कड मी हातानं घासून गोल केली, धक्का बसला तरी कुणाच्या कमरेला टोचू नये म्हणून. सात महिने मी त्या ओट्यापाशी उभा होतो आणि एक दिवस कंटाळलो नाही.

मालक आणि मालकीणबाई दोघंही निवृत्त डॉक्टर. आयुष्यभर दुसऱ्यांची दुखणी ऐकून झाल्यावर घर विकून पाण्यावर राहायचं ठरवलेलं जोडपं. मालकीणबाई रोज दुपारी येऊन ओट्यावरून हात फिरवायच्या.

"मिस्त्री, इथं उभं राहिलं की एकटं वाटत नाही हो," एकदा त्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावरही कुणीतरी शेजारी असल्यासारखं वाटतं."

मला ती कामाची तारीफ वाटली. मी खूश झालो.

चौथ्या महिन्यात माझे गुडघे दुखायचे थांबले. शिडी चढताना दम लागेनासा झाला. घरी बायको कुरकुरायला लागली.

"जिन्यावर तुमचा पाय वाजत नाही हल्ली. मागे येऊन उभे राहता, जीव जातो माझा."

"काम आवडीचं असलं की माणूस हलका होतो," मी म्हणालो. ती हसली. मीही हसलो.

बोट पाण्यात उतरली आणि दहा दिवसांनी, ती कुठल्या अंगाला कलते ते पाहायची चाचणी ठरली. सगळ्यांना खाली उतरवलं. वर फक्त तराजूबाई आणि इंजिनवाला, ज्याला आम्ही डिझेल म्हणतो, असे दोघं बरोबर मधल्या रेषेवर उभे राहिले. छतापासून तीन मीटरच्या दोरीला ओळंबा टांगलेला, त्याचं टोक तेलाच्या बादलीत, म्हणजे उगाच झुलू नये. वहीतल्या वजनांप्रमाणे तो मध्यावर यायला हवा होता. तो अडीच मिलिमीटर उजवीकडे होता.

बाईंनी धक्क्यावर बसून तासभर आकडेमोड केली.

"एकोणीस किलो जास्त आहेत," त्या म्हणाल्या. "मध्यापासून उजवीकडं दोन मीटरवर. फळ्यांच्या मागं पाणी मुरतंय, मिस्त्री. भिंत उघडावी लागेल."

चिकटवलेल्या फळ्या उघडायच्या म्हणजे फोडायच्या. नवी भिंत उभी राहायला दोन महिने, आणि निघण्याजोगी हवा उरली होती आठ दिवस. त्यानंतर थेट पुढचं वर्ष. मालकांनी एक्काहत्तरी ओलांडलेली. "पुढच्या वर्षाचं कुणी पाहिलंय?" एवढंच ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

"बाई, फोडायच्या आधी एकदा वही तपासू," मी हात जोडले.

सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही सगळं पुन्हा मोजलं. उरलेली फळकुटं, हत्यारं, गोंदाचे रिकामे डबे. ग्रॅमचाही फरक नव्हता. एकच रकाना कुणी तपासला नव्हता, तो माणसांचा. पहिल्या दिवशी आमची वजनं घेतली होती आणि पुढे रोज तेच आकडे उतरवले होते. ही सूचना माझीच. माणूस काय रोज बदलतो का, असं मी म्हणालो होतो.

डिझेल आधी चढला. एक्याण्णवचा चौऱ्याण्णव झाला होता.

"तीन किलो तर तू घरी नेलेस!" मी म्हणालो. सगळे हसले.

मग मी चढलो. वहीत माझ्यापुढे बहात्तर होते.

काटा त्रेपन्नवर थांबला.

बाईंनी काटा शून्यावर आणला. "पुन्हा."

त्रेपन्न.

त्यांनी वीस किलोचं वजन काट्यावर ठेवलं. बरोबर वीस. मी माझ्या पट्ट्याकडं पाहिलं. तो गेल्या वर्षीच्याच भोकात होता.

"तुम्ही आत काम करताना कुठं उभे असायचात?" बाईंनी विचारलं.

"ओट्यापाशी."

"जाऊन उभे राहा."

मी उभा राहिलो. ओळंबा सरकला. बाईंनी मोजलं, कागदावर गुणाकार केला, आणि तोच पुन्हा एकदा करून पाहिला.

"आता उजवीकडं किती जास्त?" मी विचारलं.

"बहात्तर."

डिझेल शिडी उतरून गेला.

बाईंनी वहीत काहीच लिहिलं नाही. "आत पाणी नाही," त्या हळूच म्हणाल्या. "डाव्या अंगाला एकोणीस किलो शिसं ठेवून द्या."

चौथ्या दिवशी बोट निघाली, अगदी सरळ, जराही न कलता. मला भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही. माझ्या फळ्या शाबूत होत्या, दोन म्हातारी माणसं वेळेवर निघाली होती, आणि मी धक्क्यावर उभा राहून आनंदानं रडलो.

बायकोला मात्र माझं वजन कळलं होतं. तिनं माझ्या तपासण्या करून घेतल्या, काही निघालं नाही, तेव्हा तिनं घरात वजनकाटा आणून ठेवला. पहिल्याच सकाळी मी त्यावर उभा राहिलो तर सुई ठरेना. एक्कावन्नपासून पंचावन्नपर्यंत जायची आणि सावकाश मागे यायची. पुन्हा जायची, पुन्हा यायची. मला चटकन उमगलं. ती खोल पाण्यातली लांब लाट होती.

"काटाच बिघडलेला दिसतोय," बायको म्हणाली. ती उभी राहिली तेव्हा सुई जागची हलली नाही.

मग मला नादच लागला. हातात चहाचा कप घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि समुद्र कसा आहे ते पाहायचं. तिसऱ्या दिवशी तो खवळला होता. तो शांत होईपर्यंत मी खाली उतरलो नाही. पाचव्या दिवशी मालकीणबाईंचा निरोप आला, "सगळं छान. एकही खण उघडला नाही." त्या दिवशी माझ्याइतका सुखी माणूस कुणी नसेल.

वीस दिवसांचा प्रवास. आज नववा.

आज सकाळी सुई स्थिर होती.

बायको माझ्या खांद्यावरून वाकली. "अहो, बहात्तर! सगळं परत आलं की!" तिचे डोळे भरून आले. ती धावत बहिणीला फोन करायला गेली.

मी काट्यावर तसाच उभा आहे. श्वास रोखून पाहतोय, सुई जराशी तरी हलतेय का.